तिसरी हाक

गणपती उठले, पितृपक्ष लागला, आणि कडूबाईच्या ध्यानात आलं की आपला खंडू भाकरी चावत नाही. ताटात आमटी ओतून घ्यायचा, भाकरीचे बारीक तुकडे तिच्यात टाकायचा आणि त्यांचा पार लगदा होईपर्यंत भलतीकडं बघत बसायचा. पंचावन्नीला टेकलेला गडी, बँडमध्ये छातीभर वारा घेऊन टेनर सॅक्सोफोन वाजवणारा, आणि जेवण मात्र बोळक्या म्हाताऱ्याचं. विचारलं की म्हणायचा, दाढ दुखतेय.

कडूबाईची उमेदीची वर्षं मेंढरांमागं गेली होती. जनावरानं चारा सोडला तर त्याला कुणी विचारत बसत नाही, त्याचं तोंड उघडून बघतात. एका दुपारी सून आवडा पोळ्या लाटायच्या कामावर गेली होती आणि नात अमृता क्रांती चौकातल्या चष्म्याच्या दुकानात. म्हातारीनं लेकाला, खंडेरावाला, दारातल्या उजेडात बसवलं आणि आ करायला सांगितलं. त्यानं केला, पण तिची दोन बोटं एकावर एक ठेवली तर आत जाईनात. गाल आतून पांढरे आणि ताठ झालेले, आणि डाव्या बाजूला हिरडीपाशी काठ उचललेली एक जखम. मेंढराच्या तोंडात असलं काही दिसलं असतं तर तिचा नवरा धोंडिबा एक शब्द बोलला नसता. ते मेंढरू त्यानं मुकाट्यानं कळपातून बाजूला बांधलं असतं.

हे सुपारी-तंबाखूचं काम होतं. कडूबाई स्वतः दोन्ही वेळ मशेरी लावणारी, त्यामुळे तिला बोलायचा हक्क नव्हता, तरी ती पोटभर बोलली. खंडेरावानं ऐकून घेतलं. बँडवाल्यांचा एक जुना समज होता, की गालात तोबरा असला म्हणजे ओठ सैल पडत नाही आणि वरात कितीही लांबली तरी सूर फाटत नाही. नवरदेवाचे दोस्त नाचून दमेपर्यंत वाजवायचं, जेवायला सगळ्यात शेवटी बसायचं, तेही उरलं असेल तर. त्या उपाशी तासांना तंबाखूचाच आधार. आणि तोंड बरं आहे की बिघडलंय हे ओळखायची त्यांची रीतसुद्धा धंद्यातलीच होती. माउथपीस तोंडात जातोय ना, मग काही झालेलं नाही. खंडेरावानं खाटेखालची पेटी ओढली, सॅक्सोफोनचा माउथपीस काढला आणि ओठांत धरून आईला दाखवला. बघ म्हणाला, जातोय.

माउथपीस असतो बोटभर जाडीचा. तो जाण्यापुरतं तोंड अगदी मरेपर्यंत उघडं राहू शकतं, हे त्या लोकांना कुणी सांगितलं नव्हतं.

कडूबाईनं मग बायकी युक्ती केली. डोळ्यांना धूसर दिसतंय म्हणून त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली आणि तिथं गेल्यावर स्वतःच्या डोळ्यांचं नावही न काढता त्याला तोंडाच्या डॉक्टरापुढं बसवलं. तुकडा काढून तपासायला पाठवला, पुन्हा बोलावलं, आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून घेतली. डावा जबडा काढावा लागेल, म्हणाले. बोलणं-खाणं पहिल्यासारखं राहणार नाही, पण लवकर केलं तर माणूस हाती लागेल. कडूबाईला त्यातलं 'माणूस हाती लागेल' एवढं ऐकू आलं. खंडेरावाला 'जबडा' एवढंच.

येताना दोघं रिक्षात बसले. खंडेराव म्हणाला, "माय, घरी सांगू नको."

कारण तिला ठाऊक होतं. घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. उस्मानपुऱ्यात एका कपड्याच्या दुकानावर इंद्रजीत नावाच्या तरुणाचा लहानसा स्टुडिओ होता. लहानपणी हा इंद्रजीत खंडेरावाच्या मागं मागं परक्या लोकांच्या वराती हिंडलेला. त्यानं ठरवलं होतं की खंडेरावाचा एक अल्बम करायचा. गाणारा नाही, सिनेमातली गाणी नाहीत, खंडेरावाच्या स्वतःच्या धुना आणि वर त्याचं स्वतःचं नाव. सबंध आयुष्य तो दुसऱ्याच्या नावाचा बिल्ला टोपीला लावून वाजवत आला होता. रेशन कार्ड सोडलं तर खंडेराव धोंडिबा शिंगाडे हे नाव कुठं छापून आलं नव्हतं. दसरा झाला की रेकॉर्डिंगला बसायचं होतं.

"जबडा गेला की टेनर गेला," खंडेराव म्हणाला. "एवढं होऊ दे. मग त्याहिला काय कापायचं ते कापू दे."

कडूबाई म्हणाली, जीव राहिला तर पुढचं सगळं. तो रस्त्याकडं बघत होता.

"एकदा मी तुझं ऐकलं व्हतं, माय."

इतक्या वर्षांत त्यानं ती गोष्ट कधी काढली नव्हती. आज काढली, आणि कडूबाईला रिक्षाची दांडी घट्ट धरावी लागली.

शिंगाड्यांची मेंढरं कन्नडच्या बाजूची. पावसाळा सरला की घाट उतरून खाली चाऱ्याला जायची आणि उन्हाळ्याच्या शेवटी माघारी यायची. धोंडिबा कळपाच्या पुढं, कडूबाई सगळ्यांत मागं, कोकरं आणि घोड्यावरचं बिऱ्हाड सांभाळत. मधल्या धुरळ्यात नवरा-बायकोला एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. म्हणून धोंडिबा पुढून हाक द्यायचा. तिच्यात शब्द नसायचे. खालच्या आवाजात सुरू व्हायची, चढत जायची आणि शेवटाला जराशी मोडायची. मागून कडूबाईनं 'हायेऽऽ' म्हणायचं. म्हणजे मागं सगळं ठीक आहे, तू चाल. उत्तर आलं नाही तर तो पुन्हा हाक द्यायचा. तिसऱ्या हाकेलाही उत्तर नाही आलं की काठी खांद्यावर टाकून माघारी फिरायचा, मग पुढं कितीही हिरवं रान असो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कडूबाई एकदा मुद्दाम गप्प राहिली होती, नवरा येतो का ते बघायला. तो आला होता. आल्यावर भयंकर चिडलाही होता, पण आला होता.

खंडू घोड्यावरच्या बिऱ्हाडात बसायच्या वयाचा होता तेव्हा एका थंडीत घाटात दाट धुकं पडलं. वळणावर ट्रक आला आणि कळपाच्या पुढच्या अंगात शिरला. त्या दिवशी हाक आलीच नाही. कडूबाई मागून आपली 'हायेऽऽ, हायेऽऽ' करत राहिली. उरलेली मेंढरं दिरांनी वाटून घेतली, आणि ती पोराला घेऊन शहरात आली.

उस्मानपुऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात तिला भांडी घासायचं काम मिळालं. ती मागच्या मोरीत आणि खंडू पुढच्या दारात, बँडवाल्यांच्या पायात पायात. बँडचे मालक यासीन मास्टर. स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. तरुणपणी मुंबईत हॉटेलांमधून गोव्याच्या वादकांबरोबर बसलेले, जॅझ नावाचं ते मोकळंढाकळं संगीत तिथंच शिकलेले. येताना एक टेनर सॅक्सोफोन घेऊन आले होते, तो दुकानाच्या कोपऱ्यात पडून होता. या शहराच्या बँडमध्ये तोवर टेनर कुणी वाजवला नव्हता. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, फार तर लहान आल्टो. टेनर जड, दम मागणारा, आणि आवाज असा की वऱ्हाडी म्हणायचे, म्हैस हंबरतेय. खंडूनं तोच उचलला. त्याच्या खालच्या सुरात त्याला काय ऐकू आलं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. मोरीत भांडी घासणाऱ्या कडूबाईला मात्र पहिल्या दिवशीच कळलं, आणि तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"गाने कू घर समझ," यासीन मास्टर त्याला सांगायचे. "निकल, घूम, जहाँ जाना वहाँ जा. मगर शाम कू घर आ." जॅझ म्हणजे एवढंच, असं त्यांचं म्हणणं. मोठमोठे वाजवणारे त्यात अडखळले, पण खंडूला ते समजावून घ्यावं लागलं नाही. सकाळी कळप रानभर पांगतो आणि दिवस कलला की गोळा होतो, हे त्यानं रोज पाहिलेलं. तो गाण्याचा मुखडा वाजवायचा आणि निघायचा. इतका लांब जायचा की वऱ्हाडी म्हणायचे, चुकलं गडी. आणि मग, ढोलवाला घाबराघुबरा झालेला असताना, अलगद मुखड्यावर येऊन उभा राहायचा.

एकदा क्रांती चौकात वरात अडकली. जनरेटर बंद पडला, गाणारा मुका झाला, ढोलवाला कुठं तरी आडोशाला गेलेला. एकटा खंडेराव वाजवत राहिला. आजूबाजूच्या रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली, हॉर्न थांबले, आणि घोड्यावरचा नवरदेव स्वतःचं लग्न विसरून त्याच्याकडं बघत बसला. नंतर हवालदारानं त्याला चौक अडवला म्हणून शिव्याही घातल्या. पण त्या दिवसापासून लोक बँड ठरवताना विचारू लागले, टेनरवाला येणार ना? जालन्या-बीडकडचे बँडवाले त्याचं ऐकायला यायला लागले, मग त्यांच्याकडेही टेनर आले. म्हैस हंबरते म्हणणारेच आता म्हशीशिवाय वरात काढेनात.

तेव्हाच मास्टरांनी मुंबईत शब्द टाकला. एका मोठ्या हॉटेलात वाजवणाऱ्यांना टेनरवाला हवा होता, ज्यांच्या रेकॉर्डी निघतात असे लोक. खंडेराव एसटीत बसला. कडूबाई स्टँडवर खिडकीखाली उभी. तिनं ना रडून दाखवलं ना जाऊ नको म्हणाली, आणि पोराला तेच जड गेलं असावं. गाडी सुरू झाली तेव्हा त्यानं खिडकीतून डोकं काढलं आणि हसत हसत बापाची हाक दिली. तिनं 'हाये' म्हणावं आणि त्यानं सुखानं जावं, एवढंच त्याचं मागणं. कडूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्यानं दुसरी हाक दिली. ती त्याच्याकडं बघत उभी राहिली. तिसरी हाक देताना त्याचा आवाज हसरा राहिला नव्हता. गाडी स्टँडच्या फाटकात थांबली आणि पेटी छातीशी धरून तो खाली उतरला.

घरी येईपर्यंत कुणी काही बोललं नाही, आणि नंतरही नाही. त्याचं लग्न झालं, अमृता झाली, मास्टर गेले. गल्लोगल्ली डीजे आले. बँडच्या वाट्याला गरिबाघरची लग्नं आणि म्हाताऱ्या माणसांच्या शेवटच्या यात्रा तेवढ्या उरल्या. खंडेराव तिथंही तसाच वाजवायचा, लांब जाऊन परत येत. त्यानं आईला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं कडूबाईला अनेकदा वाटे.

रिक्षा घराच्या कोपऱ्याशी आली. "व्हय," ती म्हणाली. "नाय सांगत."

पोराचं एकदा मोडलेलं मन सांधायला तिनं त्याचा जीव गहाण टाकला, असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. तिला त्या वेळी वाटलं की देणं फिटतंय.

दसऱ्यानंतर रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि इंद्रजीतला वाटलं होतं त्यापेक्षा लांबलं. मध्येच तुळशीचं लग्न झालं आणि वराती सुरू झाल्या. शिवाय खंडेरावाचं तोंड रोज साथ देईना. सकाळी वाजवलं की संध्याकाळी गाल सुजायचा. कडूबाईनं भाकरी दुधात चुरायला घेतली, मग पेज, मग नुसतं वरणाचं पाणी. आवडाला ती सांगायची, दाढ काढायची म्हणतो, पण भितोय. आवडा नवऱ्याला हसायची. एवढा बाप्या आणि दाढेला भितो, म्हणायची. ते हसणं कडूबाईला सहन होत नसे. ती मशेरीचा डबा घेऊन दाराबाहेर जाऊन बसायची.

एकदा बोलून टाकायचंच असं ठरवून ती आवडाजवळ जाऊन बसलीही. आवडा खंडेरावाचा रेकॉर्डिंगचा शर्ट इस्त्री करत होती. रेकॉर्डिंगमध्ये शर्ट दिसत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही तिनं मनावर घेतलं नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, म्हणाली, पहिल्यांदाच ह्यांना असं खुशीत बघतेय. कडूबाई आली तशी उठून गेली.

मानेत गाठ दिसू लागली तेव्हा खंडेराव भर दुपारीही मफलर गुंडाळू लागला. शेवटची धून वाजवून आला त्या दिवशी तो खाटेवर न बसता आईच्या पायाशी खाली बसला. बोलणं आता बोबडं झालं होतं, पण तिला समजायचं.

"झालं, माय," तो म्हणाला. "आता सांग सगळ्याहिला."

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांनी मानेवर हात फिरवला, फोटो काढायला लावले आणि मग आवडाला बाहेर बोलावलं. ऑपरेशन करू, म्हणाले, पण आजार मानेत उतरलाय. दसऱ्याआधी सांगितलं होतं तेव्हाच यायला हवं होतं. आवडा म्हणाली, कुणाला सांगितलं होतं? आम्हाला तर काहीच माहीत नाही. डॉक्टरांनी मागं बाकावर बसलेल्या म्हातारीकडं बघितलं.

आवडा तिच्यापुढं येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. "तुम्हाला ठाऊक व्हतं?" एवढंच तिनं विचारलं. कडूबाईनं होकाराची मान हलवली. त्या दिवसानंतर आवडा सासूशी बोलली नाही. चहाचा कप पुढं सरकवायची, औषध आणून ठेवायची, रात्री पांघरूण टाकायची, पण शब्द नाही. अमृता दोघींच्या मध्ये निरोप्या झाली. कडूबाईनं कुरकुर केली नाही. सुनेचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसापुढं काय बोलणार.

ऑपरेशन झालं. खंडेराव वॉर्डात पडलेला, अर्धा चेहरा पट्ट्यांत, नाकात नळी. तो बोलू शकत नव्हता. त्याच दिवसांत इंद्रजीत एका संध्याकाळी घरी आला. अल्बम तयार होता, नाव खंडेरावानंच सुचवलेलं होतं, 'माघारी'. अमृतानं मोबाइलवर वडिलांचं नाव पाहिलं आणि तोंडाला ओढणी लावून आत गेली. इंद्रजीत कडूबाईजवळ बसला.

"आजी, शेवटच्या धूनमध्ये काकांनी तीन ठिकाणी मोकळी जागा सोडलीये," तो म्हणाला. "मी म्हटलं तिथं ढोलकी भरू का, नाहीतर लोकांना वाटंल रेकॉर्डिंग बिघडलं. काका म्हणाले, हात लावू नको. तिथं माझ्या मायनं बोलायचंय."

कडूबाई सरकून लांब बसली. कसली धून आहे ती, हे ऐकण्याआधीच तिला कळलं होतं. इंद्रजीत मोबाइल पुढं करत होता, तिनं त्याचा हात ढकलला. "बंद कर ते," म्हणाली. "मला नाय ऐकायचं." बिचाऱ्याला वाटलं, आईचं काळीज, सोसवत नसेल. सोसण्याचा प्रश्न नव्हता. धून ऐकली की उत्तर द्यावं लागणार, आणि उत्तर दिलं की पोरगा निघणार, हे म्हातारीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

दवाखान्यात गेली की खंडेराव तिच्याकडं बघून कानाला हात लावायचा आणि भुवया उचलायचा. ऐकलं का? कडूबाई भलतंच बोलायला लागायची. नळाला पाणी आलं नाही. शेजारच्यांची शेळी व्याली. दोन पिल्लं झाली, एक काळं, एक बांडं. तो ऐकायचा आणि पुन्हा कानाला हात लावायचा. शेवटी शेवटी त्यानं विचारणं सोडलं. तो नुसता तिच्याकडं बघायचा आणि ती त्याच्या पायावरची चादर सारखी करायची. मला सोडून जायची परवानगी मागतोय मेला, असं तिच्या मनात यायचं, आणि मग मनातल्या मनात निघून गेलेल्या 'मेला' या शब्दानं ती हबकायची.

होळीच्या आधी त्याला घरी आणलं. डॉक्टरांनी घरीच न्या म्हटल्यावर काय समजायचं ते सगळ्यांनी समजून घेतलं. एका सकाळी, आवडा त्याचं अंग पुसत असताना, तो गेला.

बँडची एक रीत होती. आपल्यातला गडी गेला की बँड त्याच्या यात्रेत वाजवतो, पण रांगेत त्याची जागा मोकळी ठेवतात. तिथं कुणी उभं राहत नाही आणि मागचा पुढं सरकत नाही. त्याचं वाद्य हातगाडीवर भोंग्यांच्या शेजारी ठेवतात. क्लॅरिनेटवाला आणि ट्रम्पेटवाला यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी फट ठेवून ते सगळे उस्मानपुऱ्याच्या रस्त्यानं चालले. हळू वाजवत होते. टेनरचा खालचा सूर नव्हता, त्यामुळे वाजणं नुसतं वरवरचं वाटत होतं. कडूबाई सुनेच्या मागं चालत होती. तिला चालवत नव्हतं, पण कुणी धरलेलंही तिला चालत नव्हतं.

चौकाच्या अलीकडे वळणावर विसावा असतो. तिथं तिरडी खाली टेकवतात, खांदे बदलतात, आणि बाया तिथूनच घरी फिरतात. बँड थांबला. अमृतानं गाडीवरच्या यंत्राला आपला मोबाइल जोडला. तिनं कुणाला विचारलं नाही, आईलाही नाही. बाप स्वतःच्या यात्रेत मुका जाणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं. भोंग्यातून आधी खरखर आली आणि मग टेनर.

खालच्या आवाजात सुरू झाला, चढला, आणि शेवटाला जरासा मोडला. आणि थांबला.

रस्त्यावर कुणाला काही कळलं नाही. इंद्रजीत तेवढा मान वळवून म्हातारीकडं बघत होता. कडूबाईच्या डोळ्यांपुढं धुरळा होता, कळपाचा पिवळा धुरळा, आणि त्याच्या पलीकडं कुणीतरी उत्तराची वाट बघत उभं होतं. तिनं पदराचा बोळा करून तोंडात धरला. भोंग्यातली शांतता जरा लांबली. मग धून पुढं निघाली, कुठं कुठं हिंडली, क्रांती चौकात हिंडली होती तशी, आणि फिरून हाकेवर आली. ही हाक पहिल्यापेक्षा हळू होती. पुन्हा जागा. खांदेकरी तयार होते, पण कुणीतरी त्यांना हातानं थांबवलं. कडूबाईच्या गळ्याशी 'हाये' येऊन बसलं होतं आणि ती ते सगळ्या जोरानं आत दाबत होती. दात नसलेल्या हिरड्यांत पदर गच्च आवळलेला.

तिसरी हाक आली तेव्हा तिला कळलं की त्यानं ती वाजवली तेव्हा त्याचं तोंड किती दुखत असेल. सूर फाटला होता. बँडवाल्यांतला एकजण मान खाली घालून टोपी काढत होता. मोकळी जागा आली, सगळ्यांत लांब. आवडानं वळून सासूकडं बघितलं. तिला या हाकेचं काही ठाऊक नव्हतं, तिनं फक्त म्हातारीच्या तोंडातला पदराचा बोळा बघितला.

कडूबाई बोलली नाही.

भोंगा खरखरला आणि बंद झाला. पुरुषांनी तिरडी उचलली, बँडनं आपली फट तशीच ठेवून पाऊल उचललं, आणि यात्रा वळणाआड गेली. थोड्या वेळानं ढोलाचाही आवाज येईना. बाया माघारी फिरल्या. एक दुचाकीवाला रस्ता मोकळा झाला का म्हणून विचारत थांबला आणि निघून गेला.

आवडा पुढं आली आणि तिनं सासूचा दंड धरला. डॉक्टरांच्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच बोलली. "आत्याबाई, चला घरी. गेले ते."

कडूबाईनं तोंडातला पदर काढला. "थांब जरा," ती म्हणाली. "तीन डाव हाक दिली त्यानं. म्या उत्तर दिलं नाय. आता फिरंल तो."

आवडाला काही कळलं नाही, पण तिनं तो दंड सोडला नाही आणि ओढलाही नाही. ऊन चढत होतं. दोघी तिथंच वळणाकडं बघत उभ्या राहिल्या.